साडेबारा ग्रॅम लसूण

ज्या माणसाने जन्मात कुंडीत कोथिंबीरसुद्धा लावलेली नसते, त्याच्याकडे झाडांच्या किडीवर हमखास घरगुती उपाय असतो. तो त्याने स्वतः केलेला नसतो. त्याच्या आत्याच्या जावेने केलेला असतो आणि त्यानंतर तिची झाडं अशी काही तरारली की विचारू नका. आपण विचारतोच. मग कळतं की ती जाऊ हल्ली मुलाकडे न्यू जर्सीला असते आणि त्या झाडांचं पुढे काय झालं ते घराण्यात कोणालाच ठाऊक नाही.

आमच्या बाल्कनीत जास्वंद, कढीपत्ता, टोमॅटो, तुळस आणि कधीही न फुलणारा एक मोगरा एवढाच बागायती पसारा आहे. त्यातली जास्वंद मोलाची, कारण सासूबाईंच्या गणपतीला रोज लाल फूल लागतं आणि ते बाजारातलं चालत नाही. उन्हाळा सुरू झाला आणि जास्वंदीच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसायला लागला. आई बाल्कनीतच वाती वळत बसतात, त्यामुळे तिथे कापूस असण्याचं कोणाला नवल वाटलं नाही. "वाऱ्याने उडतो गं," म्हणत त्या तो वेचून टाकत. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच. शेवटी त्यातल्या एका वातीला पाय फुटून ती फांदीवरून चालायला लागली, तेव्हा कुठे आम्ही नर्सरीवाल्याला फोटो पाठवला.

"पिठ्या ढेकूण आहे," तो म्हणाला.

नवऱ्याने ही बातमी जिन्यात उभं राहून, फोनवर, त्याच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात भावाला कळवली. "अरे, ढेकूण झालेत आमच्याकडे. हो ना, पसरतात भराभर. साधं काही करून जात नाहीत म्हणे!" पुढचे कित्येक दिवस आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस चहा उभ्यानेच पिऊन गेला.

पण सल्ले मात्र दारातूनही देता येतात. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, हिंगाचं पाणी. समोरच्या वहिनी म्हणाल्या, हळद. आईंचा सिद्धान्त त्याहून व्यापक होता: जे पोटाला चालतं ते झाडाला चालतं. त्यामुळे जास्वंदीला आधी हिंग, मग ओवा आणि एकदा माझी पाठ वळल्यावर थोडं काळं मीठही मिळालं. राख फवारा, असं कामवाल्या मावशींनी सुचवलं. गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या पुण्यात राख आणायची कुठून? इस्त्रीवाल्याकडे गेले तर त्याने विजेची इस्त्री घेतली होती, वर "ताई, कुठल्या जमान्यात आहात?" हे ऐकून घ्यावं लागलं. शेवटी देवघरातल्या उदबत्त्यांची राख जमवून टाकली. ढेकणांना काही झालं नाही, पण बाल्कनीत चंदनाचा मंद दरवळ सुटला आणि मला तर वाटतं ते त्यानंतर जास्तच रमले.

आपल्याकडे घरगुती या शब्दावर आंधळा विश्वास आहे. दुकानातून बाटली आणली की तिच्यावरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचतील, हातमोजे घालतील, मुलांना आत पाठवतील. तेच स्वयंपाकघरात शिजवलं की कसलं प्रमाण आणि कसलं काय. साबणाचंच बघा. सौम्य साबणाचं पाणी हा उपाय खरा आहे. या किडीच्या अंगावर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी त्यावरून ओघळून जातं. साबण तो थर तोडतो आणि मग मऊ शरीराची कीड सुकून मरते. लिटरभर पाण्याला चमचाभर पुरतो. आमच्याकडे मात्र "जरा स्वच्छच होऊ दे" म्हणून नवऱ्याने कपड्यांची पावडर ओंजळीने घातली. ढेकूण राहिले, पानं जळाली. उरलेली पानं इतकी शुभ्र झाली की जाहिरातीत घ्यावीत.

शिवाय कीड राहते पानाच्या खालच्या बाजूला. म्हणजे फवारा खालून वर मारावा लागतो. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला पोट टेकून, हात उलटा बाहेर काढून, मान वाकडी करून खालून वर फवारा मारणारी बाई रस्त्यावरून कशी दिसते याची मला कल्पना आहे, कारण समोरच्या दुकानदाराने तिचा व्हिडिओ काढून मला दाखवला आहे. वर गेलेलं पाणी अर्थातच खाली येतं. खालच्या काकूंनी त्यांच्या बाल्कनीत कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांनी विचारलं, "एप्रिलमध्ये भुरभुर कशी हो येतेय, आणि तीही फक्त आमच्याकडे?" मी म्हटलं, हवामानाचं काही खरं नाही राहिलं. महिन्याभराने त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर तळताना कुरडयांना फेस का येतोय, यावर त्यांच्या घरात चर्चा चालू होती.

मग कडुनिंब. कडुनिंबाबद्दल वाईट बोललेलं वरच्या काकांना खपत नाही. तेलाची बाटली हातात दिसली की ते जिन्यातच पेटंटची कथा सुरू करतात: युरोपच्या पेटंट कार्यालयाने एका अमेरिकी कंपनीला आणि तिथल्या कृषी खात्याला कडुनिंबाच्या बुरशीनाशक वापराचं पेटंट १९९४ मध्ये दिलं, भारतातून आणि बाहेरून विरोध झाला, २००० मध्ये ते रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. कथा खरी आणि अभिमानाचीच आहे. फक्त ती संपेपर्यंत बाटलीचं झाकण सैल असेल तर जिन्यात काय होतं हे काकांनी लक्षात घेतलं नाही. कडुनिंबाच्या तेलाचा वास फरशीत मुरतो. ज्या तेलासाठी आपण युरोपपर्यंत भांडलो, त्या तेलासाठी मी दुसऱ्या मजल्याशीही भांडले.

तेलापेक्षा निंबोळी अर्क बरा, असं ठरलं. पाच टक्के अर्क, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, फडक्याने गाळायच्या, थोडा साबण मिसळायचा. निंबोळ्या पावसाच्या तोंडाशी रस्त्यावर फुकट पडलेल्या असतात. सकाळी फुटपाथवर वाकून वेचायला लागले. फिरायला निघालेले एक आजोबा थांबले. "काय पडलं?" मी उत्तर देईपर्यंत तेही वाकले होते. मग दोन बायका आल्या. "कुडी आहे का? मोत्याची?" एकीने मोबाइलचा टॉर्च लावला. एक तरुण मुलगा व्यायाम सोडून गटाराच्या जाळीत बघायला लागला. इतक्या माणसांनी इतक्या आपुलकीने शोध चालवल्यावर "मी निंबोळ्या वेचतेय" असं सांगायची हिंमत होईना. थोड्या वेळाने मीच हळूच कानातलं काढून मुठीत धरलं आणि ओरडले, "सापडलं!" टाळ्या पडल्या. निंबोळ्या राहिल्या तिथेच. त्या दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींनी, कोणाच्याही सहानुभूतीशिवाय, पाच मिनिटांत गोळा करून आणल्या.

अर्क फवारला, तरी ढेकूण जागचे हलले नाहीत. नवऱ्याने वाचून दाखवलं, "निंबोळीत अझाडिरॅक्टिन असतं. त्याने कीड लगेच मरत नाही. तिची खाण्यावरची वासना जाते, तिला कात टाकता येत नाही. उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून संध्याकाळी मारायचं."

"म्हणजे मरत नाही?" आईंनी विचारलं.

"मरते, पण सावकाश."

"सावकाश काय, आपणही मरतोच," आई म्हणाल्या आणि निंबोळीचा विषय संपला.

त्यानंतर लसूण-मिरचीचा काढा आला. कृती सोपी वाटते: हिरव्या मिरच्या आणि लसूण वाटायचा, पाण्यात मुरवायचा, गाळायचा, फवारायचा. वाटेपर्यंत ठीक होतं. मिक्सरचं झाकण उघडलं आणि वाफेने सगळं घर बाल्कनीत आलं. आई, नवरा, मी आणि गॅस दुरुस्त करायला आलेला माणूस, चौघंही कठड्याला धरून खोकत होतो. आमच्या समोर पिठ्या ढेकूण शांतपणे रस पीत होते. कठड्यावर एक बुलबुल येऊन बसला आणि त्याने मिरचीच्या चोथ्यातल्या बिया टिपल्या. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. त्या क्षणी अख्ख्या बाल्कनीत तो एकटाच सुखी जीव होता.

गाळणं हा या शास्त्रातला सर्वांत दुर्लक्षित भाग. पुस्तकात "वस्त्रगाळ करा" एवढे दोन शब्द असतात. मी चहाच्या गाळणीने भागवलं. लसणीचा एक कण फवाऱ्याच्या तोंडात अडकला. अशा वेळी मनुष्यप्राणी एकच गोष्ट करतो: तोंड स्वतःकडे वळवून आत बघतो आणि मूठ दाबतो. पुढचा तासभर मी थंड दुधाच्या पट्ट्या ठेवून पडून होते. नवरा उशाशी बसून म्हणाला, "एक गोष्ट सिद्ध झाली. मिश्रण जहाल आहे."

खरी आपत्ती दुसऱ्या दिवशी उजाडली. त्या दिवशी संकष्टी होती. आईंनी खिचडीसाठी दाण्याचा कूट केला, त्याच भांड्यात. पहिला घास तोंडात गेला आणि आईंचा चेहरा बदलला. संकष्टीच्या उपासाला लसूण! त्यांनी घास बाजूला ठेवला, चूळ भरली, गणपतीला हात जोडले आणि मग माझ्याकडे न बघता भिंतीला उद्देशून म्हणाल्या, "त्याच्या फुलासाठी त्याचाच उपास मोडला."

यानंतर माणूस थांबतो. पण नवरा इंजिनिअर आहे. त्याने आता पद्धतशीर अभ्यास सुरू केला आणि तो अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांपर्यंत पोचला. २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीत किडीवरचे काढे आहेत आणि त्यांची नावं आहेत नीमास्त्र, अग्निअस्त्र, ब्रह्मास्त्र. ही नावं ऐकताच नवऱ्याच्या पाठीचा कणा ताठ झाला. आतापर्यंत तो ओवा आणि राख यांत अडकला होता. आता त्याला युद्ध दिसायला लागलं. "अग्निअस्त्राने सुरुवात करू," तो म्हणाला. "तंबाखू आण."

पानटपरीवर मी उभी राहिल्याबरोबर तिथली सगळी गर्दी आदराने दोन पावलं मागे सरकली. "तंबाखू द्या." टपरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "कुठला देऊ? साहेब कुठला खातात?" "साहेब नाही खात. मलाच हवाय." "बरं," तो मायेने म्हणाला, "मग हलका देतो. चुना पाहिजे?" मी म्हटलं, झाडाला मारायचाय. मागून एक आवाज आला, "सगळे असंच म्हणतात, ताई. मीही सुरुवातीला असंच म्हणायचो."

घरी येईपर्यंत नवऱ्याने पुढची पानं वाचली होती. निकोटीन हे खरोखरचं विष आहे, कातडीतून आत जातं. शिवाय तंबाखूवर एक विषाणू असतो, टोबॅको मोझॅक व्हायरस. १८९८ मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने त्यालाच 'व्हायरस' म्हटलं. जगात ओळख पटलेला हा पहिलाच विषाणू. तो सुकलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि हातावरून टोमॅटोला लागतो. आमचा टोमॅटो जास्वंदीला खेटूनच होता. बेत रद्द. पुडी स्टूलवरून कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली, तिथून आईंना सापडली आणि सुट्टीसाठी आलेल्या आमच्या मुलाला आजीने दिवाणखान्यात बसवून, व्यसनामुळे रसातळाला गेलेल्या तीन पिढ्यांचा इतिहास सांगितला. तो बिचारा शेवटपर्यंत विचारत राहिला, "पण आजी, हे मला का सांगतेयस?"

मग श्रावण लागला आणि दशपर्णी अर्काने घराचा ताबा घेतला. दहा वनस्पतींचा पाला, शेण, गोमूत्र, मिरचीचा ठेचा, लसणीचा ठेचा हे सगळं पाण्यात महिनाभर आंबवायचं आणि रोज ढवळायचं. जे पान शेळी खात नाही ते दशपर्णीला चालतं, असा जाणत्यांचा साधा नियम. पुण्यात शेळी विचारायला मिळत नसल्यामुळे आम्ही यादीवर चाललो. घाणेरी टेकडीवर हवी तितकी. करंज रस्त्याकडेला. एरंड मोकळ्या प्लॉटवर. रुई मात्र शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर हार विकत घेऊन सोडवावी लागली, धोतरा सोमवारी शंकराच्या देवळाबाहेरून. दोन्हीकडच्या फुलवाल्या आत न जाताच परत फिरणाऱ्या माझ्याकडे बघत राहिल्या. कण्हेर महामार्गाच्या दुभाजकात होती, ती कशी आणली ते लिहिणं कायद्याला धरून होणार नाही. सीताफळ, पपई, निर्गुडी ओळखीवर मिळाली. गुळवेल कोणी देईना. करोनाचा काढा पिल्यापासून लोक गुळवेलीवर तिजोरीसारखी नजर ठेवतात.

कृती दोनशे लिटरच्या ड्रमची होती. आमच्याकडे दहा लिटरची बादली. नवऱ्याने एक्सेलमध्ये प्रत्येक आकड्याला विसाने भागलं. कडुनिंब पाच किलोचा अडीचशे ग्रॅम. इतर पाला दोन किलोचा शंभर ग्रॅम. गोमूत्र पाच लिटरचं पाव लिटर; ते पूजेच्या सामानाच्या दुकानात, सोनेरी लेबलाच्या बाटलीत मिळालं. लसूण पाव किलोचा साडेबारा ग्रॅम. "साडेबारा म्हणजे किती पाकळ्या?" मी विचारलं. "पाकळ्या हे माप नाही," तो म्हणाला आणि एका पाकळीचं टोक सुरीने कापून वजन जुळवलं. शेण तीन किलोचं दीडशे ग्रॅम. ते त्याने केकच्या मैद्यासाठी घेतलेल्या काट्यावर मोजलं, आणि मोजताना आई मागे उभ्या होत्या. त्या दिवसापासून आमच्या घरात केक झालेला नाही.

पहिल्या आठवड्यात वास बाल्कनीत होता. दुसऱ्या आठवड्यात तो इमारतीचा झाला. सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला: ड्रेनेज तुंबलंय, सर्वांनी लक्ष द्या. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. प्लंबर आला, तीन चेंबर उघडून बघितले, तिन्ही स्वच्छ. तरी वास येतो म्हटल्यावर चौथं फोडायचं ठरलं. सेक्रेटरी दारात येऊन म्हणाले, "तुमच्याकडे जास्तच येतो, नाही का?" नवरा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आमची दिशा तशी आहे."

रात्री वॉचमन हळूच वर आला. तो सासवडकडचा. दारातच त्याने नाक वर केलं आणि त्याचा चेहरा उजळला. "ताई, ह्यो चेंबरचा वास न्हाई. दशपर्णी हाय. चांगली मुरलीय." आम्ही दोघंही पांढरे पडलो. "कुनाला सांगत न्हाई," तो म्हणाला, "पर झाल्यावर थोडी आमच्या भावाला द्या."

याच सुमारास माझी भाची आली. ती कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकते. आई जास्वंदीसमोर केसातला आकडा घेऊन बसल्या होत्या. काढ्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता आणि आता त्या हातघाईवर आल्या होत्या. "जे सगळ्यात धिप्पाड दिसतात ते आधी टिपते," त्यांनी अभिमानाने सांगितलं.

भाची वाकून बघते तो काय, तिने कपाळालाच हात लावला. "आजी, हे ढेकूण नाहीत! हे क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याचं पिल्लू आहे. तेही अंगावर पांढरं मेण घेऊन फिरतं, म्हणून तसं दिसतं. हे ढेकूण खातं! हा भुंगेरा १८९८ मध्ये मुद्दाम ऑस्ट्रेलियातून आपल्याकडे आणला होता."

"मग त्याने वेगळा वेश करून यायचं ना," आई म्हणाल्या. "मला काय कळणार ऑस्ट्रेलियाचा आहे ते!"

भाचीने आणखी ऐकवलं. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि पुढे बऱ्याच राज्यांत पसरला, तेव्हा २०१० मध्ये पोर्टो रिकोहून एक बारीकशी परोपजीवी माशी आणून सोडली आणि तिने तो आवरला. ढेकणांचा गोड चिकट स्राव चाटायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात त्यांचं रक्षण करतात, म्हणून आधी मुंग्या थांबवायच्या. जास्त किडलेल्या फांद्या छाटायच्या, बाकीच्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, थोडं साबणपाणी. "आणि मावशी, मग काही करू नका. भुंगेऱ्यांना जेवू द्या."

'काही करू नका' हा सल्ला आमच्या घरात आजवर कोणी दिलेला नव्हता. नवरा तर दुखावलाच. महिनाभर त्याने सकाळ-संध्याकाळ बादली ढवळली होती, तीही घड्याळाच्या दिशेने. त्याने एक्सेल उघडलं, वापराचं प्रमाण शोधलं आणि मग बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. दोनशे लिटर पाण्याला पाच लिटर अर्क. म्हणजे आमच्या दहा लिटरांत चारशे लिटर फवारणी. बाल्कनीतल्या पाच कुंड्यांना, त्यात एक तुळस, जिला आई हात लावू देणार नाहीत.

मग अर्क रिकाम्या बाटल्यांत भरून वाटायचं ठरलं. ज्यांनी ज्यांनी उपाय सांगितले होते, त्यांच्याकडे आधी गेलो. वरच्या काकांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि पेटंटचा विषयसुद्धा न काढता दार लावून घेतलं. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे कुठली झाडं?" एका मैत्रिणीने ठेवून घेतली आणि तिच्या मुलाने ती बाटली काळा काढा समजून फ्रीजमध्ये ठेवली, तिचा अजून फोन आलेला नाही. शेवटी सगळ्या बाटल्या वॉचमनच्या मोटारसायकलला बांधून सासवडला गेल्या. त्याच दिवशी सोसायटीचं ड्रेनेज आपोआप दुरुस्त झालं आणि ग्रुपवर सेक्रेटरींचं अभिनंदन झालं.

पंधरवड्याने वॉचमन पिशवीभर वांगी घेऊन आला. भावाने पाठवली होती, तजेलदार, जांभळी, काटेरी देठांची.

"दशपर्णीची ना?" नवऱ्याने उत्सुकतेने विचारलं. "गुण आला?"

"आला की. भावानं सारखी मारली." वॉचमन जरा घुटमळला. "मध्यात एकदा दुकानातलं औषदबी मारलं. दोन्हीतलं कशानं ते न्हाई सांगता यायचं."

नवरा एक्सेलमध्ये नवा रकाना करायला आत गेला. आईंनी विळीवर पहिलंच वांगं चिरलं आणि आतून एक गुबगुबीत अळी बाहेर आली. दशपर्णी, दुकानातलं औषध आणि पुण्यापर्यंतचा प्रवास यांतलं काहीच तिला बाधलेलं नव्हतं. आई तिच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या.

"अळी जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे वांगी चांगली आहेत. भरली करू या. लसूण किती घालू, त्याला विचार."